उलटून पाहायची राहिलेली पाणसळ

स्वतःविषयी बोलायची वेळ आली की माझा बुडबुडा नळीच्या कोपऱ्यात जाऊन दडतो. तरी आज बोलणार आहे. मित्रांनो, मी एक जुनी पाणसळ आहे, आणि माझ्या आयुष्यातले आठ महिने मी लोकांना चुकीचे सांगत होते.

आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू बहुधा आपले हाल सांगतात. कुणी अडगळीत पडलेली असते, कुणी भंगारात गेलेली असते. माझे तसे काही झाले नाही. मला जपले, पुसून ठेवले, माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. म्हणूनच हे सांगताना जड जाते.

पाणसळ म्हणजे काय, हे तुमच्यातल्या काहींना ठाऊक नसेल. गवंड्याच्या पिशवीत असते ती. हल्ली मला लेव्हल म्हणतात. मी दोन हात लांबीची लाकडी पट्टी आहे. माझ्या पाठीवर मधोमध एक पितळेचा तुकडा दोन स्क्रूंनी बसवलेला आहे आणि त्यातल्या खिडकीत बोटाएवढी काचेची नळी आहे. नळीत पिवळसर पाणी आणि एक बुडबुडा. मला ओट्यावर किंवा फरशीवर ठेवायचे आणि वाट पाहायची. बुडबुडा दोन काळ्या रेघांच्या मध्ये थांबला, की जागा सपाट. एका बाजूला गेला, की ती बाजू उंच. एवढेच माझे काम. माझ्या एका टोकाला खुंटीवर अडकवण्यासाठी भोक आहे. त्यात बोट घालून मला उचलतात. हे भोक लक्षात ठेवा, पुढे त्याची गोष्ट येणार आहे.

मला एका सुताराने घडवले. तो बाबांचा मित्र होता. बाबा म्हणजे माझे पहिले धनी. गवंडीकामात त्यांचा हात धरणारा जवळपास कुणी नव्हता. सुताराने माझे लाकूड वर्षभर सावलीत वाळवले, चारी कडा पुन्हा पुन्हा तासल्या आणि नळी बसवताना तर दिवसभर जेवलासुद्धा नाही. मला बाबांच्या हातात देताना तो म्हणाला, "ही आता तुझ्यापेक्षा शहाणी. पण रोज तपासत जा. लाकूड आहे बाबा, माणसासारखंच. हवा बदलली की मन बदलतं."

बाबांनी ते शब्द कानाआड केले नाहीत. रोज सकाळी कामाला हात लावण्यापूर्वी ते मला एका फरशीवर ठेवायचे. बुडबुडा डुलत डुलत थांबायचा. तेवढा वेळ बाबाही थांबायचे. हात बाजूला, नजर खाली, श्वाससुद्धा सावकाश. मग ते मला उचलून टोकाशी टोक बदलून, म्हणजे भोक उजवीकडे होते ते डावीकडे करून, त्याच जागी पुन्हा ठेवायचे. बुडबुडा पुन्हा त्याच बाजूला, तेवढाच गेला, तर मी खरी. दोन वेळेला दोन गोष्टी सांगितल्या, तर दोष जमिनीचा नाही, माझा. ही आमच्या धंद्यातली साधी तपासणी आहे. हत्याराला हत्यारच साक्षीदार.

तपासून झाले की बाबा म्हणायचे, "हिचं झालं. आता माझं." आणि आणखी क्षणभर तसेच उभे राहायचे. त्यांच्या धाकट्या मुलाने एकदा विचारले, "बाबा, तुमचं काय बघता?" बाबा जरा लाजले. देवाधर्माच्या गोष्टी मोठ्याने बोलणारा तो माणूसच नव्हता. म्हणाले, "काल कुणाला उगाच टोचून बोललो का, ते आठवतो. बोललो असलो तर आज नीट करायचं. भिंत पक्की व्हायच्या आत केलं की सोपं जातं."

मला तेव्हा या बोलण्याचे विशेष काही वाटले नव्हते. मी तरुण होते आणि माझा बुडबुडा नेहमी मधोमध असायचा.

बाबा थकले आणि एके दिवशी गेले. पिशवी दोन मुलांकडे आली. थोरल्याला घरात सगळे दादा म्हणत आणि दुसऱ्याला, चाळिशी उलटली तरी, धाकटाच म्हणत. दोघेही मन लावून काम करणारे. फरक एवढाच की दादा उजवा आणि धाकटा डावरा. दादा उजव्या हाताचे बोट माझ्या भोकात घालून मला ठेवायचा, तेव्हा भोक उजवीकडे असे. धाकटा डाव्या हाताने ठेवायचा, तेव्हा भोक डावीकडे असे. बरीच वर्षे याने काहीच बिघडले नाही. मी खरी होते, तोवर मला कुणीही कसेही ठेवले तरी चालत होते.

दादाचे नाव झाले. लोक म्हणत, "यांच्या ओट्यावर पाण्याचा थेंब ठेवा, जागचा हलणार नाही." स्तुती दादाची असायची, पण मी ती आपली म्हणून घेत असे. पिशवीत माझ्या शेजारी ओळंबा असायचा. दोरीला बांधलेला लोखंडी गोळा, भिंत उभी सरळ आहे का ते सांगणारा. तो बिचारा आपल्याच वजनाने लोंबकळतो, त्याला काही ठरवावे लागत नाही. मी मनातल्या मनात त्याला हसत असे. आता आठवले की तोंड लपवावेसे वाटते.

काम वाढले तशी सकाळची तपासणी मागे पडू लागली. आधी रोज, मग आठवड्यातून एकदा, मग नवीन काम घेतले की तेवढ्यापुरती. धाकटा एकदा म्हणाला, "दादा, आज उलटून बघितलं नाहीस."

"रोज रोज काय बघायचंय? ती काय रातोरात बदलणार आहे?"

"बाबा बघायचे."

"बाबांना फोन येत नव्हते," दादा म्हणाला आणि खरेच तेव्हा त्याचा फोन वाजला. दोघेही हसले. मीही खूश झाले. रोजची झडती टळली, तर कोणाला नको असते?

आता ती गोष्ट सांगते, जी सांगायला मी आठ महिने घाबरत होते.

एका स्वयंपाकघरात भिंतीवर दगडी फळी बसवायची होती. दादा शिडीवर होता. धाकटा खाली वाळू आणायला गेला होता. फोन वाजला, दादाने तो मान वाकडी करून खांद्यात धरला आणि दुसऱ्या हातातून मी निसटले. घमेल्याच्या काठावर आदळून मी फरशीवर पडले.

बाहेरून फारसे काही दिसत नव्हते. एका कोपऱ्याचा टवका उडाला होता, एवढेच. पण आत एक स्क्रू सैल झाला होता आणि नळीचे एक टोक किंचित खाली बसले होते. मला ते लगेच कळले. तुमचा पाय मुरगळला की तुम्हाला कळते ना, तसे.

दादा भराभर खाली उतरला. त्याने मला बाहीने पुसले. मग दाराकडे पाहिले. कुणी नव्हते. त्याने मला जमिनीवर ठेवले, बुडबुडा थांबू दिला. मग उलटून ठेवण्यासाठी त्याने मला उचलले आणि अर्ध्यातच त्याचा हात थांबला.

तो क्षण मला फार स्पष्ट आठवतो. मी हवेत होते. त्याला पाहायचे होते आणि नव्हतेही. उलटून ठेवले असते तर कळले असते. कळले असते तर मला बाजूला ठेवावे लागले असते, सुताराला शोधावे लागले असते, बाबांची वस्तू आपल्या हातून पडली असे घरात सांगावे लागले असते. जिन्यावर धाकट्याची पावले वाजली. दादाने मला पिशवीत ठेवले आणि स्वतःशीच म्हणाला, "चालतंय."

आणि मित्रांनो, मला हायसे वाटले. माझी लाज कुठून सुरू होते असे विचाराल तर पडण्यापासून नाही. पडणे कुणाच्याही वाट्याला येते. त्या हायसे वाटण्यापासून ती सुरू होते.

पुढचे महिने मी बाबांची पाणसळ म्हणून मिरवत राहिले. केसभराचा तर फरक, असे मी स्वतःला समजावत असे. पण केसभराचा फरक लांबवर जाता जाता वाढत जातो. एका घराचे दार आपोआप उघडू लागले. एका सज्ज्यातले पाणी पन्हळीकडे जायचे सोडून कुंड्यांकडे जाऊ लागले. निवृत्त झालेल्या एका शिक्षिकाबाईंच्या खोलीत आम्ही खिडकीखाली लिहायचा कट्टा बांधला होता. दादा काही कामाने पुन्हा तिकडे गेला तेव्हा त्या म्हणाल्या, "मिस्त्री, हल्ली माझी पेन्सिल सारखी घरंगळते. हात कापायला लागला वाटतं. वय झालं."

दादाने कट्ट्याकडे पाहिले, त्यांच्या हाताकडे पाहिले आणि "काळजी घ्या बाई" म्हणून तो निघून आला. हात त्यांचा कापत नव्हता. मी पिशवीत होते, पण पिशवीचे तोंड काही शिवलेले नसते. मला सगळे ऐकू येत होते.

या काळात धाकटा बहुतेक गिलाव्याच्या कामावर असे, ओळंबा घेऊन. मला त्याने एक-दोनदाच हातात घेतले. तेव्हा तो म्हणालाही, "दादा, ही काहीतरी वेगळंच सांगतेय."

"तुझा डावा हात सांगतोय," दादा म्हणाला. थट्टेनेच म्हणाला. पण थट्टा नेहमीपेक्षा घाईने आली होती.

मग लाँड्रीचे काम आले.

लाँड्रीवाल्या बाई धिप्पाड, बोलायला फटकळ. त्यांनी कपडे धुण्याची आठ मशीनं कुठूनतरी आणली होती, बरीच वापरलेली. मशीनांच्या पायांचे स्क्रू गंजून घट्ट झाले होते, म्हणजे पाय खालीवर करून मशीन सपाट बसवायची सोय राहिली नव्हती. "ओटेच असे करा मिस्त्री," बाई म्हणाल्या, "की मशीन ठेवलं की ठेवलं. मला पायाखाली पुठ्ठे घालत बसायचं नाही."

आठ छोटे ओटे, भिंतीलगत एका रांगेत. दिवस थोडे होते. भावांनी काम वाटून घेतले. उजवीकडचे चार दादाचे, डावीकडचे चार धाकट्याचे. पाणसळ एकच, ती इकडून तिकडे फिरायची. दोघांनीही जीव ओतून काम केले. मी साक्षीदार आहे, दोघांपैकी कुणाच्याही हातात कसूर नव्हती.

काम संपताना दादा भावाचे ओटे तपासायला गेला. त्याने मला पहिल्या ओट्यावर ठेवले. बुडबुडा रेघ ओलांडून पार पलीकडे गेला.

"हे काय केलंयस?"

"काय झालं?"

"बघ की."

धाकटा वाकला. डाव्या हाताचे बोट माझ्या भोकात घालून त्याने मला उचलले आणि आपल्या सवयीने ठेवले. बुडबुडा मधोमध. "बरोबर तर आहे."

दादाने त्याच्या हातातून मला घेतले, आपल्या सवयीने ठेवले. बुडबुडा बाहेर. "आता?"

"माझ्या हातात मधोमध होता."

"तेच म्हणतोय मी. तुझ्या हातात."

धाकटा मला घेऊन दादाच्या ओट्यांकडे गेला. एकेका ओट्यावर मला ठेवत म्हणाला, "दादा, तुझेपण चारही बाहेर दाखवतेय."

पलीकडे टेबलांपाशी इस्त्री करणाऱ्या बायका होत्या. त्यांचे हात थांबले. लाँड्रीवाल्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. पंचवीस वर्षांत कुणी दादाच्या ओट्यावर बोट ठेवले नव्हते, आणि आज चार माणसांत सख्खा भाऊ ठेवत होता. पण मला वाटते, तो एवढा भडकला याचे कारण ते नव्हते. त्याच्या डोळ्यांपुढे ती शिडी आली असावी. माणूस ज्या गोष्टीला भितो, तिच्यावर आवाज चढवतो.

"लहानपणापासून डावा तो डावाच राहिलास," तो म्हणाला. "बाबा असते ना, तर तुझ्या हातात थापी दिली नसती."

धाकट्याचा चेहरा उतरला. "बाबांनी माझ्या हाताला कधी नावं ठेवली नाहीत."

"मग मी ठेवतो. चारही ओटे फोडून पुन्हा कर. नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

धाकट्याने आपली थापी नळाखाली धरली, स्वच्छ धुतली, पुसली आणि कमरेला खोचली. जाताना एवढेच म्हणाला, "वहिनीला सांग, रविवारी जेवायला येत नाही."

मित्रांनो, थोडे थांबून बघा काय झाले होते ते. त्या अर्ध्या तासात दोघा भावांनी मला डझनभर वेळा उलटसुलट केले. भोक उजवीकडे, भोक डावीकडे, जागा तीच. बाबांची रोजची तपासणी ती हीच. ती त्यांच्या हातून आपोआप होत होती आणि दर खेपेला मी दोन वेगळ्या गोष्टी सांगत होते. आणखी किती उघड व्हायचे मी? पण ते माझ्याकडे पाहतच नव्हते. दोघे एकमेकांकडे पाहत होते.

ओटे फोडायला वेळ नव्हता. बाईंनी आठवडाभराने, सिमेंट धरल्यावर, मशीनं चढवली. दुसऱ्याच दिवशी दादाला निरोप आला.

"या मिस्त्री, तुमच्या भावाची करामत बघा," बाई म्हणाल्या आणि त्यांनी बटणे दाबली.

आधी मशीनं नुसती गुरगुरली. मग कपडे पिळायची वेळ आली, मशीनं थरथरू लागली आणि चालू लागली. हो, चालू लागली. डावीकडची चार मशीनं थोडी थोडी उजवीकडे सरकू लागली. दादा मान हलवत होता, बघा, मी म्हणत नव्हतो? आणि मग त्याची मान हलायची थांबली. कारण उजवीकडची चार, त्याची स्वतःची, तितक्याच वेगाने डावीकडे निघाली होती. मधली दोन एकमेकांवर धडकली तेव्हा बाईंनी बटणे बंद केली.

इस्त्रीवाल्या बायकांमधली एक म्हातारी पदरात तोंड घालून हसली. म्हणाली, "भेटायला निघाली होती गं एकमेकांना. माणसांपेक्षा मशीनं बरी."

बाईंनी दादाकडे पाहिले. "तुमच्या भावाने तुमच्या बाजूलाही हात लावला होता का?"

दादाने "नाही" म्हणायला हवे होते. एकच शब्द होता. तो म्हणाला, "बघतो."

बायका चहा प्यायला बाहेर गेल्या. दादाच्या बाजूचे एक मशीन खाली उतरवले होते. दादा त्या रिकाम्या ओट्यापाशी उकिडवा बसला. त्याने मला ओट्यावर ठेवले. बुडबुडा डुलला, मधोमध थांबला. मग त्याने मला उचलले. आठ महिन्यांपूर्वी जिथे थांबला होता, तिथे त्याचा हात पुन्हा जरासा थांबला. या वेळी त्याने मला टोकाशी टोक बदलून खाली ठेवले.

बुडबुडा पलीकडे गेला आणि तिथेच राहिला.

मला काहीतरी बोलावेसे वाटत होते, पण मला जे काही बोलता येते ते सगळे त्या नळीत त्याच्यासमोर दिसत होते. शेवटी त्याने मला आपल्या टॉवेलात गुंडाळले आणि घरी नेऊन कपाटाच्या फळीवर ठेवले. तीन दिवस मी तिथे होते. तो कामाला गेला नाही. अंग दुखतंय म्हणाला.

तिसऱ्या दिवशी वहिनीने, म्हणजे दादाच्या बायकोने, कपाट उघडले. तिला मीही वहिनीच म्हणते, कारण धाकट्याच्या तोंडून तेच ऐकले आहे.

"अहो, ही पाणसळ पांघरूण घेऊन का झोपलीय?"

दादाने वर्तमानपत्र उघडले.

तिने टॉवेल सोडला. टवका उडालेल्या कोपऱ्यावरून बोट फिरवले. "पडली होती?"

"हं."

"कुणाच्या हातून?"

दादा खिडकीबाहेर पाहू लागला.

"संसाराला सव्वीस वर्षं झाली," वहिनी म्हणाली. "तुमचं गप्प बसणं मला आता वाचता येतं. कधी पडली?"

तेव्हा त्याने सांगितले. शिडी, फोन, अर्ध्यात थांबलेला हात, शिक्षिकाबाईंची पेन्सिल, लाँड्रीतले 'बघतो'. सांगताना त्याचा आवाज इतका बारीक झाला की वहिनीला जवळ येऊन ऐकावे लागले. ती रागावली नाही. ती म्हणाली, "दोन रविवार एक ताट उगाच घासून ठेवतेय मी. तेवढं बघा."

दुसऱ्या दिवशी दादाने मला पिशवीत घेतले आणि बसने गावाच्या दुसऱ्या टोकाला गेला. धाकटा तिथे कुणाच्या तरी हाताखाली जिन्याच्या पायऱ्या करत होता. भावाला पाहून तो उठला नाही.

"पाणसळ बिघडलीय," दादा म्हणाला.

"बरं."

"म्हणजे पडली होती. माझ्या हातून. तुझ्या ओट्यांच्या कितीतरी आधी. मला तेव्हाच शंका आली होती."

धाकट्याने पायरीवरचा माल थापीने सारखा केला. एकदा, दोनदा. मग म्हणाला, "हे मला कशाला सांगतोस? माझा हात वाकडा नाही, हे मला ठाऊक होतं. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांग."

"म्हणजे?"

"चौघांत बोललास ना? चौघांत सांग. मग बघू."

दादा परत बसमध्ये बसला. मी त्याच्या मांडीवर होते. माझ्या टवक्यावरून त्याचे बोट पुन्हा पुन्हा फिरत होते. चौघांत सांगणे म्हणजे काय, हे त्याला कळत होते. 'ओट्यावर थेंब ठेवा' म्हणणारे लोक उद्यापासून काय म्हणतील? पंचवीस वर्षांचे नाव. नवी पाणसळ आणून, ओटे गुपचूप दुरुस्त करून, हे सगळे झाकताही आले असते. भाऊ मात्र आला नसता.

सकाळी तो लाँड्रीत गेला तेव्हा बायका इस्त्र्या तापवत होत्या. दादाचा निरोप मिळाल्यावर धाकटाही आला होता, पण दाराबाहेर भिंतीला टेकून उभा होता, आत आला नव्हता. दादाने बाईंना बोलावले. मला एका ओट्यावर ठेवले, सगळ्यांना बुडबुडा दाखवला. मग उलटे ठेवले, पुन्हा दाखवला.

"मी त्या दिवशी भावाला वाटेल ते बोललो," तो म्हणाला. मान खाली होती. "त्याचं काम चुकलं नव्हतं. ही बिघडली होती. माझ्या हातून पडली होती आणि मी कुणाला बोललो नाही. मशीनं सरकली तेव्हा तुम्ही विचारलंत, तरीही बोललो नाही. आठही ओटे पुन्हा करून देतो."

एका इस्त्रीतून वाफेचा आवाज आला. मग ती म्हातारी म्हणाली, "हे आधी बोलला असतात तर मशीनांना एवढं चालावं लागलं नसतं."

बाई हसल्या, बायका हसल्या. दादा हसला नाही, पण त्याचे ताठरलेले खांदे सैल झाले. आणि दारातून धाकट्याचा आवाज आला, "आण ती इकडे."

त्याने मला मांडीवर आडवे घेतले. माझे दोन्ही स्क्रू सोडले, पितळेचा तुकडा काढला आणि नळीखाली निरखून पाहिले. "एक टोक खाली बसलंय. काहीतरी घालावं लागेल. कागद दे."

दादाने खिसे चाचपले. आदल्या दिवशीचे बसचे तिकीट निघाले. धाकट्याने त्याची घडी केली, त्या घडीची आणखी एक घडी केली आणि ती नळीच्या टोकाखाली सरकवून स्क्रू आवळले. मग मला ओट्यावर ठेवले. भोक डावीकडे. बुडबुडा थांबेपर्यंत दोघेही थांबले. मग दादाने मला उलटून ठेवले. भोक उजवीकडे. दोन्ही वेळा बुडबुडा एकाच जागी.

मित्रांनो, एवढेच होते. आठ महिने, दोन भाऊ, आठ ओटे, एका बाईची पेन्सिल. आणि माझी चूक बसच्या तिकिटाच्या चार पदरांएवढी.

त्यानंतर दादा जिथे जिथे मला घेऊन गेला होता, तिथे पुन्हा गेला. शिक्षिकाबाईंचा कट्टा त्याने स्वतः सारखा करून दिला आणि म्हणाला, "बाई, हात तुमचा ठीक आहे. कट्टा माझा वाकडा होता." त्यांनी पेन्सिल ठेवून पाहिली, ती थांबली, आणि त्या लहान मुलीसारख्या दोनदा पुन्हा ठेवून पाहत राहिल्या. त्या आनंदाकडे मला नीट पाहवले नाही. इतके महिने त्यांनी स्वतःला म्हातारे समजायचे, ते माझ्यामुळे.

आता मी बरीच जुनी झाले आहे. माझ्या लाकडाला चिरा पडल्या आहेत. अजूनही कुणी "बाबांची पाणसळ आहे, चुकायची नाही" असे म्हणाले की माझा बुडबुडा कोपऱ्याकडे पळतो. चुकायची नाही असे कोण म्हणू शकते? मी चुकले होते आणि मला ते ठाऊक होते. ओळंब्याला मी आता हसत नाही. ते तिकीट अजून माझ्या आत आहे.

तुम्हाला मी काय सांगावे? उपदेश करण्याचा मला अधिकार नाही, हे आता तुम्हालाही कळले असेल. एक विनंती मात्र करते. तुम्हीही दिवसभर माणसांना मापत असता. हा वाकडा, ती तिरकी. त्याआधी, दिवसातून एकदा, स्वतःला उलटून पाहत जा. समोरच्याच्या जागेवरून आपण तेच सांगतो का, ते बघा. कधी पडलात, तर त्याच दिवशी कुणाला तरी दाखवा. त्या दिवशी फार थोडे नीट करावे लागते.

आमच्याकडे आता रोज सकाळी मला उलटून पाहतात. एक दिवस दादा, एक दिवस धाकटा. तपासून झाले की दादा म्हणतो, "हिचं झालं. आता माझं," आणि डोळे मिटून उभा राहतो. धाकटा थापी घेऊन बाजूला थांबतो. कधीकधी दादाला बराच वेळ लागतो. मग धाकटा हळूच म्हणतो, "दादा, घाई नाही. थांबू दे तुझा बुडबुडा."